सायकलीचे कुलूप आणि चोरीचा धोका

विषयप्रवेश

सायकल हे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाचे वाहन आहे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, बांधकामावर जाणारा गवंडी, चार-पाच किलोमीटरांवरील शाळेत जाणारी विद्यार्थिनी, या सर्वांचा दिवस सायकलीवर अवलंबून असतो. अशी सायकल चोरीस गेली म्हणजे तिच्या किमतीएवढे नुकसान होऊनच भागत नाही. गवंड्याचा रोज बुडतो आणि विद्यार्थिनीची शाळा चुकू लागते. असे असूनही सायकल विकत घेताना मनुष्य तिचा रंग, घंटा व बैठक यांची जितकी चिकित्सा करतो तितकी कुलपाची करीत नाही. दुकानदार देईल ते कुलूप तो बसवून घेतो.

कोणते कुलूप उत्तम, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. सायकल कोठे उभी राहावयाची, किती वेळ राहावयाची आणि तिची किंमत काय, यांवरून कुलूप ठरते. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून येथे चेन्नई शहराचे उदाहरण घेतले आहे. १९९६ पर्यंत मद्रास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शहराचा सायकलीशी संबंध जुना आहे. ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स ऑफ इंडिया ही कंपनी १९४९ मध्ये स्थापन झाली व शहरालगतच्या अंबत्तूर येथे तिच्या कारखान्यात हर्क्युलिस सायकली तयार होऊ लागल्या. तमिळनाडू शासनाने २००१ नंतर प्रथम काही विद्यार्थिनींना, आणि पुढे अकरावीच्या मुलामुलींना सरसकट, विनामूल्य सायकली देण्याची योजना अमलात आणली. शहर समुद्रकाठी असल्यामुळे येथील कुलपाला चोराखेरीज खाऱ्या हवेशीही सामना करावा लागतो. या उदाहरणातून जे नियम निघतील ते मुंबई, रत्नागिरी, पणजी येथे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतील. पुणे, नागपूर येथील वाचकांनी खाऱ्या हवेचा भाग तेवढा वगळावा.

कुलूप काय करते?

१८५१ साली लंडन येथे महाप्रदर्शन भरले होते. त्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने अभेद्य मानलेली दोन इंग्रजी कुलपे किल्लीवाचून उघडून दाखविली. त्यांपैकी जोसेफ ब्रामा यांच्या धाटणीचे कुलूप अनेक वर्षे दुकानाच्या खिडकीत आव्हान म्हणून मांडलेले होते. हॉब्ज यांना ते उघडण्यास १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास लागले.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कोणतेही कुलूप कायमचे अभेद्य नसते, हा एक अर्थ. परंतु रस्त्यावर उभ्या असलेल्या वस्तूपाशी ५१ तास बसण्याची मोकळीक कोणत्याही चोरास मिळत नाही, हाही अर्थ तितकाच खरा आहे. कुलूप चोरास थांबवीत नाही, ते त्याचा वेळ खाते. म्हणून निवड करताना दोन काळांची तुलना करावयाची असते. कुलूप किती वेळ टिकाव धरील, हा पहिला काळ. त्या जागी कोणी न हटकता चोरास किती वेळ काम करता येईल, हा दुसरा काळ. पहिला काळ दुसऱ्याहून मोठा असला म्हणजे सायकल राहते. पहिला काळ दुकानात विकत मिळतो. दुसरा मात्र जागेवर अवलंबून असतो आणि तो ज्याचा त्यानेच पाहून ठरवावा लागतो.

चोरांचे तीन वर्ग

कुलपाच्या दृष्टीने चोरांचे तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग संधिसाधूंचा. यांच्याजवळ हत्यार नसते. कुलूप न लावलेली सायकल दिसली की ते तिच्यावर बसून निघून जातात. दुसऱ्या वर्गातील चोर पिशवीत पकड, लहान कातर किंवा लोखंड कापावयाची करवत बाळगतो व एखाद्या मिनिटात होईल तेवढेच काम हाती घेतो. तिसरा वर्ग तयारीने येतो. त्याच्यापाशी लांब दांड्यांची कातर, विजेवर चालणारे कापणीचे यंत्र किंवा सायकल टाकून नेण्यासाठी गाडी असते. असा चोर सहसा महाग सायकलीच्याच मागे लागतो, कारण साध्या सायकलीसाठी एवढी यातायात त्यास परवडत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते. साध्या, काळ्या, वीस किलोच्या सायकलीस पहिल्या दोन वर्गांपासूनच मुख्यतः जपावे लागते. गिअर असलेल्या महाग सायकलीस तिन्ही वर्गांपासून जपावे लागते. दोहोंस एकच कुलूप लावणे म्हणजे एकीच्या बाबतीत पैसा वाया घालविणे किंवा दुसरीच्या बाबतीत ती गमावणे होय.

कुलपांचे प्रकार

चाकाचे कुलूप. हे घोड्याच्या नालेच्या आकाराचे असून मागील चाकाजवळ सांगाड्यास पक्के जडविलेले असते. किल्ली फिरविली की त्याची पोलादी कडी आऱ्यांमधून आरपार जाते व चाक फिरेनासे होते. ते सदैव सायकलीबरोबर असते, लावण्यास दोन क्षण पुरतात आणि म्हणून ते नेहमी लावले जाते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. सायकल उचलून नेता येते, हा दोष.

या कुलपाच्या किल्लीचे गणितही पाहण्याजोगे आहे. लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या असतात. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीस ठरावीक उंचीपर्यंत उचलतात, तेव्हाच कडी सुटते. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये या रचनेस चांगले रूप दिले. तमिळनाडूतील दिंडिगल गावची हाताने घडविलेली कुलपेही लिव्हरच्याच रचनेसाठी नावाजलेली असून त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आता समजा, एका स्वस्त कुलपात ३ पट्ट्या आहेत व प्रत्येकीच्या ४ उंची शक्य आहेत. तर निरनिराळ्या किल्ल्या ४ × ४ × ४, म्हणजे ६४ च होऊ शकतात. स्थानकाबाहेर अशा कुलपाच्या २०० सायकली उभ्या असतील, तर त्यांत एकाच किल्लीने उघडणाऱ्या निदान ४ सायकली असल्याच पाहिजेत. पट्ट्या ६ केल्या तर हीच संख्या ४,०९६ वर जाते. म्हणून कुलूप घेताना लिव्हर किती, हे विचारावे. तसेच दुकानातील त्याच जातीच्या दुसऱ्या कुलपास आपली किल्ली लावून पाहावी.

तारेचे कुलूप. बारीक पोलादी तारांचा पीळ प्लास्टिकच्या वेष्टनात घालून हे तयार करतात. ते हलके असते व जाडही दिसते. परंतु या जाडीवर विसंबणे धोक्याचे आहे. तारांचा दोर ताण सहन करण्यास उत्तम असतो, कारण सर्व तारा मिळून भार वाटून घेतात. कातर मात्र एकेका तारेस वेगवेगळे गाठते. दहा माणसांच्या एकजुटीस एकेकट्याने फोडावे तसा हा प्रकार आहे. वेष्टनाची जाडी तर निव्वळ डोळ्यांची फसवणूक होय. बैठक किंवा पुढील चाक सांभाळण्यास दुसरे कुलूप म्हणून तारेचे कुलूप चालेल, एकमेव कुलूप म्हणून नव्हे.

आकड्यांचे कुलूप. किल्ली हरविण्याची भीती नाही म्हणून मुलांना हे आवडते. तीन चकत्यांच्या कुलपात १,००० आकडे संभवतात. एका आकड्यास २ सेकंद धरले तर सर्व आकडे सुमारे ३३ मिनिटांत तपासून होतात. चार चकत्या असल्यास हाच वेळ साडेपाच तासांवर जातो. म्हणून चार चकत्यांहून कमी असलेले कुलूप घेऊ नये आणि आकडा म्हणून जन्मवर्ष ठेवू नये.

साखळी. साखळी कोणत्याही आकाराच्या खांबाभोवती फिरविता येते. तिचे बळ सर्वांत दुबळ्या दुव्याएवढे, आणि तिला लावलेले कुलूप त्याहूनही दुबळे असेल तर त्या कुलपाएवढे. किराणा दुकानातील बारीक साखळीस भक्कम कुलूप लावणे अथवा भक्कम साखळीस पेटीचे लहान कुलूप लावणे, ही दोन्ही सारखीच निष्फळ होत.

यू आकाराचे कुलूप. जाड पोलादी कांब वाकवून तिच्या दोन्ही टोकांना कुलपाचा आडवा दांडा बसविलेला असतो. मायकेल झेन यांनी अमेरिकेत १९७१ मध्ये क्रिप्टोनाइट ही कंपनी काढून या प्रकाराचा प्रसार केला. १९७२ मध्ये न्यूयॉर्क शहरात अशा कुलपाने बांधलेली एक सायकल ३० दिवस रस्त्यावर ठेवण्यात आली. कुलूप अखेरपर्यंत टिकले, पण सायकलीचे जे जे भाग सोडवून घेता येण्यासारखे होते ते सर्व नाहीसे झाले. कुलपाच्या मिठीत जेवढे सापडते तेवढेच सुरक्षित असते, हा धडा या प्रयोगाने शिकविला. म्हणून सांगाडा व मागील चाक ही दोन्ही एकाच मिठीत घ्यावीत. कुलपाच्या आत मोकळी जागाही थोडकीच उरावी, कारण त्या पोकळीतच कटावणी घालून चोर तरफेचा उपयोग करतो.

जाडी आणि काठिण्य

कडीचे बळ तिच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ६ मिलिमीटर व्यासाच्या कांबीचा छेद सुमारे २८ चौरस मिलिमीटर असतो, तर १२ मिलिमीटर कांबीचा सुमारे ११३. साधे पोलाद कातरण्यास दर चौरस मिलिमीटरला अंदाजे ३० किलोग्रॅम भार लागतो असे धरले, तर पहिली कांब सुमारे ८५० किलोग्रॅम भाराने तुटेल, दुसरीस मात्र सुमारे ३,४०० किलोग्रॅम लागतील. लांब दांड्यांची कातर हाताचा जोर तीस पट करीत असेल, तर ३० किलोग्रॅम जोर लावणारा मनुष्य ९०० किलोग्रॅमपर्यंत पोचतो. पहिली कांब त्याच्या आटोक्यात आहे, दुसरी नाही. व्यास केवळ दुप्पट झाला, पण चोराचे हत्यार निरुपयोगी ठरले.

जाडीच्या जोडीला काठिण्य हवे. पोलाद तापवून झटकन थंड केले की ते कठीण होते. त्यावर करवतीचे दाते चालत नाहीत, घसरतात. परंतु आरपार अतिकठीण केलेले पोलाद घणाच्या घावाने काचेसारखे तडकण्याचा संभव असतो. म्हणून चांगल्या कुलपात कडीचा पृष्ठभाग कठीण आणि गाभा चिवट ठेवतात. याची साधी कसोटी घरी घेता येते. कडीच्या न दिसणाऱ्या बाजूस कानस हलकेच घासावी. कानस लोखंड ओढू लागली तर पोलाद मऊ आहे, ती नुसती घसरली तर कठीण आहे.

ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलपे प्रत्यक्ष फोडून पाहते व त्यांस कांस्य, रौप्य, सुवर्ण व हिरा अशा श्रेणी देते. महाग कुलपाच्या वेष्टनावर अशी श्रेणी असल्यास ती पाहावी. केवळ 'अत्यंत मजबूत' या शब्दांवर विसंबू नये.

कशाला बांधावे?

उत्तम कुलूप दुबळ्या आधारास लावले तर चोर कुलपास हातही लावीत नाही. आधाराची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. तो जमिनीत पक्का आहे काय? सायकल त्याच्या माथ्यावरून उचलून काढता येईल काय? तो स्वतः कुलपाहून लवकर कापला जाईल काय? लहानसा रस्तासूचक खांब दुसऱ्या प्रश्नाशी नापास होतो. कडुनिंबाचे कोवळे झाड व प्लास्टिकची नळी तिसऱ्याशी नापास होतात. सैल बिजागरीचे फाटक पहिल्याशी. जिन्याचा सिमेंटमध्ये रोवलेला लोखंडी कठडा किंवा दोन्ही टोके जमिनीत गाडलेली जाड नळी तिन्ही प्रश्नांस उतरते.

चेन्नईतील काही जागा

आता हे नियम जागेजागेस लावून पाहू.

उपनगरी रेल्वेची स्थानके. चेन्नई बीच ते तांबरम या मार्गावर १९३१ पासून विजेच्या गाड्या धावत आहेत. या मार्गावरील व अंबत्तूर-आवडीकडील स्थानकांजवळ सकाळी ठेवलेली सायकल संध्याकाळी परत घेतली जाते. मालक आठ-दहा तास दूर असतो आणि त्याच्या परतण्याची वेळ चोरासही ठाऊक असते. येथे पैसे घेऊन बिल्ला देणारा, राखणदार असलेला स्टँड मिळत असेल तर तोच निवडावा. राखणदाराची नजर चोराची मोकळीक कमी करते आणि अशा ठिकाणी चाकाचे कुलूप पुरते. राखण नसेल तर चाकाच्या कुलपाबरोबर जाड साखळीने सायकल कठड्यास बांधावी. नेदरलँड्समध्ये चाकाचे कुलूप व साखळी ही जोडी सर्रास वापरली जाते.

बाजार. मांबलम स्थानकालगतच्या रंगनाथन रस्त्यासारख्या ठिकाणी गर्दी अतोनात असते. गर्दीत हत्यार चालविणे कठीण, परंतु सायकल उचलून चालणारा मनुष्य तिचा मालकच आहे असे लोक धरून चालतात. म्हणून येथे कुलपाच्या जाडीहून सायकल बांधलेली असणे अधिक महत्त्वाचे. पाच मिनिटांच्या कामासाठीही ती नुसती भिंतीस टेकवून जाऊ नये.

शाळा व विद्यापीठांची आवारे. येथे पुष्कळदा सायकल 'थोडा वेळ वापरण्यासाठी' नेली जाते व भलतीकडे सोडून दिली जाते. त्यास चाकाचे कुलूप हा पुरेसा इलाज आहे. शासकीय योजनेतील सायकली मात्र एकसारख्या दिसतात, त्यामुळे अदलाबदलीचाही प्रश्न येतो. प्रत्येक विद्यार्थ्याने सायकलीवर एखादी पक्की खूण करून ठेवावी.

रहिवासी इमारतींची तळघरे. 'आपल्याच इमारतीत काय भीती?' असे म्हणून मनुष्य येथे सर्वांत निष्काळजी राहतो. वस्तुतः रात्रीच्या तळघरात चोराची मोकळीक सर्वाधिक असते. तेथे कोणी पाहत नाही, उजेड कमी असतो आणि एकाच जागी अनेक महाग सायकली सापडतात. म्हणून सर्वांत भक्कम कुलूप प्रवासापेक्षा घरीच अधिक हवे. येथे वजनाची अडचण नाही. जड यू-कुलूप किंवा जाड साखळी खांबापाशी कायमची ठेवता येते. गवंड्याकडून भिंतीत लोखंडी कडे सिमेंटने बसवून घेण्यास फारसा खर्च येत नाही.

खारी हवा

बेसंट नगर किंवा रायपुरम येथे समुद्राजवळ राहणाऱ्या माणसाच्या कुलपास चोराआधी गंज गाठतो. लोखंड, प्राणवायू व पाणी एकत्र आले की गंज चढतो. हवेतील मिठाचे सूक्ष्म कण ओलावा धरून ठेवतात, त्या ओलाव्याची विद्युद्वाहकता वाढवितात आणि त्यांतील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पावसाने चेन्नईत ही क्रिया आणखी जलद होते.

गंजाचा खरा तोटा कडी झिजण्यात नाही. किल्ली अडकू लागते, मनुष्य कंटाळतो, 'आज राहू दे' म्हणतो, आणि त्याच दिवशी सायकल कुलपाविना उभी राहते. यास्तव किल्लीच्या भोकावर झाकण असलेले व जस्ताचा मुलामा दिलेले कुलूप घ्यावे. भोक खाली येईल अशा रीतीने ते लावावे. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून, पुरते वाळवून, शिवणयंत्राच्या पातळ तेलाचे दोन थेंब आत सोडावेत. स्वयंपाकाचे तेल वापरू नये. ते हवेने चिकट होते व धूळ धरते.

शाळेत हा प्रयोग करून पाहता येईल. चार खिळे घ्यावेत: एक साधा, एक तेल लावलेला, एक जस्ताचा मुलामा असलेला आणि चौथा साधाच, पण रोज मिठाच्या पाण्यात बुडवून काढलेला. पंधरा दिवस सर्व खिळे सावलीत टांगून ठेवावेत व रोज नोंद करावी. चौथा खिळा चेन्नईच्या कुलपाची कथा सांगेल.

नोंद आणि कायदा

कुलूप हरले तरी नोंद उपयोगी पडते. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलींना परवान्याचे बिल्ले देत असत, त्यावरून मालक ओळखता येई. आता ते काम मालकानेच केले पाहिजे. बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर, पेडलच्या आसाखाली किंवा बैठकीच्या नळीवर, क्रमांक ठोकलेला असतो. तो क्रमांक, खरेदीची पावती व सायकलीचे छायाचित्र घरी जपून ठेवावे. पोलिसांना सायकल सापडली तरी ती आपलीच आहे हे दाखविण्यास दुसरा पुरावा क्वचितच असतो.

१ जुलै २०२४ पासून चोरीच्या गुन्ह्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ३०३ लागू आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांहून कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्यास समाजसेवेची शिक्षा देण्याची तरतूद त्यात आहे. पुष्कळशा जुन्या सायकली याच मर्यादेत येतात. सायकल स्वस्त आहे म्हणून तक्रार करू नये, असे मात्र मुळीच नाही. तक्रार नोंदविली तरच परत मिळण्याची वाट मोकळी राहते.

सारांश

साध्या सायकलीस, राखण असलेल्या जागी, अधिक लिव्हरचे चाकाचे कुलूप पुरे. राखण नसलेल्या जागी त्याच्या जोडीला साखळी हवी. महाग सायकलीस यू-कुलूप किंवा कठीण पोलादाची जाड साखळी, आणि तीही प्रथम घरी. सर्व ठिकाणी सांगाडा व चाक एकत्र बांधावे, आधार तपासावा, कुलूप पुसून तेल द्यावे, क्रमांक लिहून ठेवावा.

शाळांना आणखी एक गोष्ट सहज करता येईल. सायकलींच्या छपरात, चाकाच्या उंचीवर, एक जाड लोखंडी नळी दोन्ही टोकांनी सिमेंटमध्ये रोवून घ्यावी. मग ज्या मुलास महाग कुलूप घेणे शक्य नाही त्याची स्वस्त साखळीदेखील पक्क्या आधारास लागेल. दिवसा, शिपायाच्या नजरेसमोर, तेवढे बहुधा पुरते.